बाटलीतलं ढेकूळ

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तीन बाटल्या ठेवलेल्या आहेत. पाण्याच्याच, लेबलं काढलेल्या. तिन्हींत आमच्याच वावरातलं, एकाच जागेवरून उचललेलं, लिंबाएवढं ढेकूळ. आल्यागेल्याची नजर आधी तिथेच जाते. कुणी विचारतं, हे कसलं औषध? मी सांगायला लागते, तोवर त्यांचा चहा संपतो आणि निघायची वेळ होते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

पहिल्या बाटलीत पावसाचं पाणी आहे. ढेकूळ टाकलं आणि पाच मिनिटांत त्याच्या कडेनं दुधासारखा धूर निघायला लागला. सकाळी उठून पाहते तो अख्खी बाटली चहाच्या रंगाची. आज बावीस दिवस झाले, ती निवळलेली नाही. दुसऱ्या बाटलीत बोअरचं पाणी आहे, जिभेला लावलं तर तोंड वाकडं होईल असं. त्यातही ढेकूळ फुटलं, पण फुटून तळाशी निमूट बसलं. वरचं पाणी काचेसारखं नितळ. तिसरीत पुन्हा पावसाचं पाणी, त्यात चिमूटभर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं पांढरं खनिज. तीही नितळ.

जिप्समची बाटली लपवून मी लोकांना विचारते, यातलं कोणतं पाणी वावराला द्याल? बहुतेकांचं बोट बोअरच्या बाटलीकडे जातं. आमचंही गेलं होतं, तीन वर्षं.

माझं माहेर अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडिलांची संत्र्याची बाग होती. विहिरीचं पाणी इतकं गोड की आल्या पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि ‘कसं आहे?’ म्हणून विचारायचं, ही आमच्या घरची रीत. 2004 साली लग्न झालं आणि मी दक्षिणेला पंचवीस किलोमीटरवर, पूर्णेच्या अंगाला आले. एसटीनं पाऊण तास. तेवढ्या अंतरात डोंगर मागं पडतो, झाडं कमी होतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळं सपाट रान लागतं, आणि पाणी बदलतं, गोडाचं खारं होतं. हाच खारपाणपट्टा. लग्न ठरलं तेव्हा आत्या आईला म्हणाली होती, ‘पोरगी खारपाणात देऊन राह्यली तू?’ आईनं उत्तर दिलं नाही. मुलगा नोकरीवाला होता, तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्याच आठवड्यात मी पहिल्यांदा सगळ्यांचा स्वयंपाक केला. तुरीच्या डाळीला तीन शिट्ट्या दिल्या, उघडलं तर दाणा न् दाणा वेगळा. आणखी चार दिल्या. डाळ टणक ती टणकच. रडू यायचं तेवढं बाकी होतं. तेव्हा सासूबाईंनी हात धरून मला मागच्या पडवीत नेलं. तिथं एक रांजण होता, तोंडाला फडकं बांधलेला. पावसाळ्यात टिनाच्या छपरावरून धरलेलं पाणी. म्हणाल्या, ‘डायीचं पानी येगळं रायते आपल्या घरी. तुले सांगाचंच राह्यलं.’ त्या रांजणातलं पाणी प्यायला नव्हतं, आंघोळीला नव्हतं, फक्त डाळीला. पुढे वान धरणावरच्या 84 खेडी योजनेचं पाणी नळाला येऊ लागलं. मग कधी आठ दिवसांनी, कधी बारा, आणि उन्हाळ्यात विचारू नका. रांजण अजून आहे.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्णा सातपुड्यातून निघते, अमरावती, अकोला, बुलडाणा असं करत पश्चिमेला जाते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये एक लांबट खोलगट पट्टा. तो नदीनाल्यांनी आणलेल्या गाळानं भरत आला, शेकडो फूट. डोंगराच्या पायथ्याला गाळ जाडाभरडा आहे, दगडगोट्यांचा. तिथं पाऊस मुरतो, वाहतो, गोड राहतो. ते माझं माहेर. खाली नदीच्या अंगाला चिकणमातीवर चिकणमाती. तिथं मुरलेलं पाणी हलत नाही, जागच्या जागी मातीतले क्षार ओढत बसतं. ते माझं सासर. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट-तेल्हाऱ्याचा खालचा भाग, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर अशी ही सगळी रांग. 2018 साली नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला आम्ही पोकरा म्हणतो. त्यात खारपाणपट्ट्यातली म्हणून 932 गावं धरली होती. म्हणजे माझ्यासारखा डाळीचा रांजण किती घरांत असेल, तुम्हीच बघा. यांची आजी सांगायची, पूर्वी इकडे खाऱ्या विहिरींच्या पाण्यातून मीठसुद्धा काढत.

तरीही ही जमीन वाईट नव्हती. हे मला फार उशिरा कळलं, कारण माहेरची म्हणून मी तिला नावं ठेवतच आले होते. जुनी माणसं पावसाळ्यात लवकर येणारा मूग घेत किंवा काही वावरं मोकळीच ठेवत, आणि दिवाळीच्या आगेमागे जमिनीत साठलेल्या ओलीवर हरभरा पेरत. पाणी एक थेंब द्यायचं नाही. एकरी तीन-चार क्विंटल व्हायचा, पण डाळीला चव अशी की माहेरचे लोक आमच्याकडून न्यायचे. जमिनीत उन्हाळ्यात हातभर रुंद भेगा पडत. सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी एक कोकरू भेगेत गेलं होतं. खरं-खोटं देव जाणे.

2010 साली मामाजींनी बोअर मारली. मामाजी म्हणजे सासरे. 280 फूट. पाणी लागलं तेव्हा गावात पेढे वाटले. खारं होतं, पण विहिरीपेक्षा कमी, असं सगळ्यांचं एकमत झालं. मला वाटतं ज्यानं पेढा खाल्ला त्यानं ते मत दिलं. माझे वडील आले होते, त्यांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि हळूच बाजूला जाऊन थुंकलं. बोलले काही नाहीत. व्याह्याच्या दारात काय बोलणार?

स्प्रिंकलर आणले. हरभऱ्याला दोन पाणी दिलं. फवाऱ्याखालच्या पानांचे शेंडे करपले, पण उतारा एकरी सहावर गेला. दुसऱ्या वर्षी साडेसहा. मामाजींचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. सत्तरीला आलेला, जन्मभर कोरडवाहू करणारा माणूस, त्याच्या वावरात जानेवारीत हिरवं. संध्याकाळी मुद्दाम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचे, रस्त्यानं जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी पावडर दिसायची. सासूबाई म्हणाल्या, ‘मीठ फुटलं.’ आम्ही म्हटलं, पावसात धुऊन जाईल.

आणि खरंच ते मीठ पावसात धुऊन गेलं. तिथूनच सगळं बिघडलं.

2013 चा पावसाळा ज्यांना आठवतो त्यांना आठवत असेल. विदर्भात त्या साली जून-जुलैत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आम्ही कपाशी लावली होती. सरकी टोबली, दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस, मग दोन दिवस कडक ऊन. आठव्या दिवशी मी तासानं, म्हणजे पेरणीच्या ओळीनं, चालत गेले, एक कोंब नाही. जमीन वरून गुळगुळीत, सारवल्यासारखी. नखानं उचललं तर पापुद्रा निघाला, भाजलेल्या पापडासारखा, कडा वर वळलेल्या. त्याच्याखाली सगळे कोंब होते. उगवले होते सगळे. वर यायला वाट मिळाली नाही म्हणून आडवे वाढून वेडेवाकडे झाले होते, पांढरे, हाताची बोटं दुमडल्यासारखे. मी एकेक पापुद्रा उचलत अर्धं तास केलं आणि मग लक्षात आलं की सहा एकर आहे.

दुबार पेरणी केली. पुन्हा पाऊस झाला की पाणी साचायचं आणि साचूनच राहायचं. धुऱ्याच्या पलीकडे आमच्या चुलत सासऱ्यांचं वावर. तीच माती, तोच पाऊस. त्यांच्याकडे चौथ्या दिवशी वाफसा यायचा, डवरे फिरायचे. आमच्याकडे नवव्या दिवशीही पाय पिंडरीपर्यंत जायचा. त्यांच्याकडे बोअर नव्हती, एवढाच फरक. पण तो फरक त्या वर्षी आमच्यापैकी एकालाही दिसला नाही. हिवाळ्यात, पाणी देताना सगळं नीट होतं ना. पावसात बिघडलं. मग दोष पावसाचा. मामाजी अजूनही कधीकधी चुकून म्हणतात, ‘तेराच्या पावसानं वावर खराब केलं.’

पुढची दोन वर्षं आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते. तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रात एक बाटली मिळाली, माती भुसभुशीत करणारं द्रावण. लिटरला बाराशे रुपये. दुकानदारानं आमच्यासमोर पेल्यात माती घालून दाखवली, वर दोन थेंब, आणि पाणी नितळ झालं. मी बी.एस्सी. झालेली, विषय रसायनशास्त्र, आणि मी मान डोलावली. कॉलेजात सोडियमचा तुकडा पाण्यावर नाचवून पेटवला होता आम्ही. पण सोडियम आपल्या वावरात बसलेला असू शकतो हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. सहा एकराला दोन साल ते द्रावण ओतलं. वावरात ढिम्म फरक नाही. सोयाबीन घेतलं तर पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या. त्याला पुन्हा वेगळी बाटली.

2015 च्या मे महिन्यात शेवटी माती तपासायला नेली. नमुना घ्यायला कुदळ मारली तर हात झिणझिणले. दोन नमुने घेतले, एक आमचा, एक चुलत सासऱ्यांच्या वावरातला, त्यांना न विचारता. अहवाल आला. आमचा सामू, म्हणजे पीएच, 8.9; विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटून बसलेला, 14 टक्के. त्यांचा सामू 8.3, सोडियम 6. तिथल्या पोरानं समजावून सांगितलं की 15 टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, म्हणायची, तुम्ही काठावर आहात. मामाजींनी घरी येऊन जाहीर केलं, ‘अजून एक टक्का बाकी हाय.’

त्या एका टक्क्याच्या आधारावर आम्ही आणखी एक हंगाम काढला असता. पण मला तो आकडा पटत नव्हता. 14 ला माणूस काठावर असेल तर कोंब का मेले? वाचत गेले. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नेमकं आमच्याच पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर काम करून ठेवलेलं होतं. त्यांचं म्हणणं, आपल्या भारी काळ्या मातीला 15 चा आकडा लागू पडत नाही. इथं सोडियम पाच टक्क्यांच्या आसपास गेला की पाणी मुरणं मंदावायला लागतं. म्हणजे चुलत सासऱ्यांचं वावरसुद्धा तब्येतीनं ठणठणीत नव्हतं, आणि आमचं काठ ओलांडून कधीच पलीकडे गेलेलं.

त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्या मातीत हरभऱ्याएवढे पांढरे खडे सापडतात. चुनखडी म्हणतो आम्ही, लहानपणी पोरं पाटीवर घासतात. ते खडे म्हणजे मातीच्या पाण्यातला कॅल्शियम. पाऊस सात-आठशे मिलिमीटर, तोही तीन महिन्यांत उरकतो, उरलेलं वर्ष माती वाळते. वाळताना कॅल्शियमचा चुना होऊन खडा बनतो आणि खेळातून बाद होतो. मागं सोडियमच उरतो. हे कुणी केलेलं नाही, कोरड्या हवेनं हजारो वर्षं चालवलेलं आहे. आम्ही फक्त बोअर लावून त्याला ढकललं. जे शतकांत व्हायचं ते तीन रब्बीत.

आता बाटल्यांकडे या. मातीचा सगळ्यात बारीक कण म्हणजे पत्र्यासारखी चकती, ती स्वतःकडे धन भाराचे कण ओढून धरते. कॅल्शियम म्हणजे जू समजा. एका जुवाला दोन बैल. दोन चकत्या त्यानं जखडल्या जातात, त्यांच्यात दुसऱ्या दोन, असा रवा बनतो, रव्यांच्या मधून पाणी उतरतं. सोडियम म्हणजे दावं. एकाच बैलाला बांधलेलं, दुसऱ्याला धरायला त्याच्याकडे काही नाही. वर त्याच्या अंगाभोवती पाण्याचं जाड पांघरूण. मग चकत्या सुट्या होतात, पाण्याबरोबर खाली जातात आणि वाटेतली बारीक छिद्रं लिंपून टाकतात. वरचा थर वाळला की पापुद्रा.

पण पाणी स्वतःच खारं असेल तर? तेव्हा त्या पाण्यातल्या क्षारांचा दाब इतका असतो की सुट्या व्हायला निघालेल्या चकत्याही एकमेकींना चिकटून राहतात. म्हणून बोअरच्या बाटलीतलं पाणी नितळ. म्हणून जानेवारीत आमचं वावर छान दिसायचं. आत सोडियम भरत चालला होता आणि वरचं मीठच त्याला झाकून होतं. जूनच्या पावसानं मीठ धुऊन नेलं, चकत्यांना चिकटलेला सोडियम मात्र तसाच राहिला. झाकण निघालं. मग पहिल्या बाटलीचं झालं ते सहा एकराचं झालं.

हे मला कळलं त्या दिवशी मी मामाजींना पडवीत बसवून बाटल्या दाखवल्या. आताच्या नव्हेत, तेव्हाच्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ‘म्हंजे पान्यानं नाही, पावसानंच झालं ना?’ मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटरीचा फ्यूज काढून खिशात घातला. बोलले काहीच नाहीत.

जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला चकतीवरून उठवतो आणि स्वतः बसतो. उठलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जायला हवा. कागदावर हे दोन ओळींत होतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची खारपाणपट्ट्यासाठी शिफारस हेक्टरी अडीच टन जिप्सम, जोडीला हिरवळीचं खत. म्हणजे एकरी एक टन, वीस पोती. सहा एकराची एकशे वीस पोती मे महिन्याच्या उन्हात मी, मामाजी आणि दोन मजुरांनी घमेल्यानं पसरली. आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. मग वखरानं वरच्या वितभर मातीत मिसळलं, हिरवळीच्या खतासाठी बोरू पेरला, फुलावर यायच्या आत गाडला.

आणि मग खरी भानगड सुरू झाली, कारण ‘निघून जायला हवा’ म्हणजे कुठं? आमच्या भागाला ढाळच नाही. पाण्याला नाल्यापर्यंत न्यायचं तर मध्ये तीन धुरे आणि तिघांचे तीन स्वभाव. चर खणायचा ठरवला तर खालचे शेजारी म्हणाले, तुमचं खारं पाणी आमच्या वावरात काहून सोडता? चुकीचं बोलत नव्हते. दोन पावसाळे अबोला गेला, पोळ्याला एकमेकांच्या दारात बैल नेले नाहीत. शेवटी चुलत सासऱ्यांनीच तोडगा काढला. धुऱ्याच्या दोन्हीकडून दोन-दोन हात जमीन सोडायची आणि सामाईक चर थेट नाल्याला काढायचा. त्यांच्या मातीचा नमुना मी चोरून नेला होता हे मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, ‘अहवाल कुठं हाय माहा?’ मी दिला. सहा टक्के वाचून त्यांनी चराच्या खोदाईचा अर्धा खर्च स्वतःहून उचलला.

फरक मोजायला माझ्याकडे एकच यंत्र आहे. रंगाचा वीस लिटरचा लोखंडी डबा, दोन्ही तोंडं कापलेला. तो चार बोटं जमिनीत ठोकायचा, आत वितभर पाणी ओतायचं आणि घड्याळ लावायचं. 2015 ला सकाळी आठला ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला होतंच. वर डास बसले होते. चुलत सासऱ्यांकडे तेच पाणी दुपारी दोनला गेलं. 2018 ला आमच्याकडे संध्याकाळी सहा वाजले. गेल्या वर्षी साडेतीन. पण हे सगळीकडे नाही. वावराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं स्प्रिंकलरचा पाइप जोडावर गळायचा, तिथं अजूनही अर्धा एकर तसाच आहे. तिथं दुसऱ्यांदा जिप्सम टाकलं तरी पहिल्या पावसात पापुद्रा येतो. तिथं मी आता काही पेरत नाही. गवत येईल ते येऊ देते.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पोकरातून 2019 ला शेततळं घेतलं, तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. माहेरी भाऊ शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरतो, नाहीतर पाणी आठ दिवसांत मुरून जातं. मीही कागदाचा भाव काढून आले होते. मामाजी हसले. ‘ज्या मातीत पानी उतरत नाही तिले कागद कायले?’ तळं खणलं ते त्या खालच्या कोपऱ्याच्या शेजारीच, सगळ्यात चोपण जागी. पहिल्या वर्षीपासून दाबून भरतं आणि हिवाळ्यापर्यंत टिकतं. ज्या दुर्गुणानं आमच्या सरकीचे कोंब मारले त्याच दुर्गुणावर आता आमचं ओलीत चालतं. फक्त फार खोल जायचं नाही, खालच्या खाऱ्या पाण्याशी गाठ पडता कामा नये.

काठोकाठ भरलं तर बावीस लाख लिटर होतं. ऐकायला समुद्र वाटतो. पण एक एकराला दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं, आणि ऊन आपला वाटा आधी घेतं. माझ्या हातात सहा एकराला एक पाणी येतं. हरभरा फुलावर आला की ते एक द्यायचं, बास. रुंद सरी वरंब्यावर पेरतो, म्हणजे जास्तीचा पाऊस सरीतून चराला जातो. मागच्या हंगामात एकरी सात क्विंटल झाला. बोअरच्या दिवसांपेक्षा अर्धा क्विंटल जास्त, आणि पानांचे शेंडे न करपता.

माहेरच्या मैत्रिणी विचारतात, पूर्णेवर ते नेरधामण्याचं, घुंगशीचं बॅरेज झालंय ना, मग आता तुमचं काय अडलंय? गोड पाणी येईल की कॅनॉलनं. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. आम्ही एकदा शेतकरी सहलीत शिरोळ तालुक्यात गेलो होतो. कृष्णेचं गोड पाणी, डोळ्यांत मावणार नाही एवढा ऊस, आणि त्याच्याच मध्ये पांढरी पडलेली, मिठागरासारखी वावरं. पाणी गोड होतं, पण जास्त होतं आणि निघायला वाट नव्हती. तिथले शेतकरी आता जमिनीखाली चार-सहा फुटांवर भोकं पाडलेले पाइप गाडून ते पाणी काढतात, आणि त्यानं जमिनी परत येतायत, हे मी पाहिलंय. आमच्या बसमधले सगळे भारावून गेले. मी त्या पाइपवाल्यांना विचारलं, माती पाणी सोडतच नसेल तर पाइपात येईल काय? ते म्हणाले, ताई, मग आधी माती दुरुस्त करावी लागेल. तेव्हा आधी चर, मग जिप्सम, मग कॅनॉल. आमच्याकडे मागणी नेमकी उलट्या क्रमानं होते, कारण कॅनॉलचं उद्घाटन होतं, चराचं होत नाही.

माहेरीही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, हेही सांगून टाकते. भावाची तिसरी बोअर आठशे फुटांवर गेलीय. पाणी अजून गोड आहे, पण येतं अर्धा तास. मध्यंतरी तो आला होता, आमचं तळं पाहून गेला. जाताना म्हणाला, ‘तुमच्याकडं पानी दिसते तरी.’ खारपाणात दिलेल्या पोरीला माहेरच्या माणसानं असं म्हणावं! मी त्याला रांजणातल्या पाण्यात शिजवलेली डाळ वाढली.

मागच्या आठवड्यात मामाजींनी बोअरची मोटर बाहेर काढली. फ्यूज इतकी वर्षं त्यांच्याच कपाटात होता. मी कधी विषय काढला नव्हता. सकाळी चैनपुली लावून दोन पोरांनी एकेक पाइप वर ओढला. लोखंडी पाइप, आत-बाहेर पांढरा थर चढलेला, काही ठिकाणी बोटभर जाड. आतलं भोक करंगळी जाईल एवढंच उरलेलं. भंगारवाला तराजू घेऊन आला. त्यानं एक पाइप हातात तोलला, मग दगडावर आपटला. थर तडकून त्याच्या पायाशी खपल्यांचा ढीग पडला.

‘काका, याचं वजन धरणार नाही मी.’

मामाजींनी खाली वाकून एक खपली उचलली, दोन बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘नको धरू. ते आमचं हाय.’